हिरामणचा दुसरा नंबर

१४ सप्टेंबर १९९४, बुधवार

ठाण्याहून संपादकांचा निरोप आला. दिवाळीनंतर वार्ताहरांनी बातम्या फ्लॉपीवर पाठवाव्यात, हाताचं अक्षर यापुढे चालणार नाही. माझं अक्षर वीस वर्षं चाललं. लंगडत चाललं, पण चाललं. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शाळा सुटली की मी भिवंडीत धामणकर नाक्याला कौसल्येच्या संगणक वर्गात जाऊन बसतो. हीच कौसल्या दहावीला संस्कृतात पस्तीस गुण घेऊन माझ्या हातून सुटली होती. आता ती मला गृहपाठ देते. सूड इतक्या शांतपणे घेता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

वर्ग एका सायझिंग कारखान्याच्या माडीवर आहे. खाली सुताला खळ लावतात. तिचा आंबूस वास वर येतो आणि खळीवर पोसलेले उंदीरही वर येतात. वर्गात प्रगती म्हणावी तर त्यांचीच.

ही वही मीरानं दिली. म्हणाली, नवीन शिकताय ते लिहून ठेवा, नाहीतर रोज मलाच सांगत बसाल. बायकोचा हेतू शुद्ध आहे.

१७ सप्टेंबर, शनिवार

आजचा गृहपाठ असा. यंत्राला अंक द्यायचा आणि त्यानं तो इंग्रजांच्या रीतीनं क्रमवाचक करून छापायचा. 1 दिला की 1st, 2 दिला की 2nd. पोरं वैतागली. मी खुलून गेलो. आमच्या व्याकरणात आयुष्यभर दुसरं काय केलं? आधी सामान्य नियम, सगळ्यांना th. मग अपवाद, शेवटी एक, दोन, तीन आले तर st, nd, rd. मग अपवादाचा अपवाद, अकरा, बारा, तेरा पुन्हा th कडे माघारी. पोरांनी शेवटची पायरी गाळून 11st छापलं. माझं पहिल्या फटक्यात बरोबर आलं. कौसल्येनं विचारलं, सर, हे तुम्हाला जमलं कसं? मी म्हटलं, पस्तीस गुणांत बसेल असं ते सांगता यायचं नाही.

मग जरा पुढे गेलो. नावांची यादी क्रमानं लावायचा धडा मागच्या आठवड्यात झाला होता, तो याला जोडला. अंकाला शेपूट लावून एक शब्द केला, तोच यादीत ठेवला आणि त्यावरूनच क्रम लावला. मूळ अंक टाकून दिला. प्रत्ययाशिवायची संख्या मला उघडीबोडकी दिसते. कौसल्या म्हणाली, "सर, आत साधा अंकही राहू द्या. लागतो कधीकधी." मी विचारलं, पुरणपोळी झाल्यावर डाळ कोण जपून ठेवतं?

नऊ नावं घालून पाहिली. पहिल्यापासून नवव्यापर्यंत ओळीनं उभी राहिली. कौसल्येनं फ्लॉपीवर माझं नाव लिहून दिलं. खिशात घालून घरी आलो आणि मीराला दाखवली. ती म्हणाली, यात दिसत तर काहीच नाही.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

सुरतेत प्लेग. दोन दिवस वाचत होतो, आज अंगावर आला. माझी बहीण द्रौपदी सकाळच्या एसटीनं पडघ्याहून आली आणि उंबऱ्यातच बसली. तिचा मुलगा अनंता सुरतेला पॉवरलूमवर कामाला आहे. पत्र नाही, निरोप नाही. माणसं मिळेल त्या गाडीनं पळतायत, एवढंच सगळ्यांना माहीत. लूमवाल्या गावातून सुटलेला माणूस लूमवाल्याच गावात येणार. म्हणजे इथं.

बाजारात प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनची एक कॅप्सूल शिल्लक नाही. सायझिंगच्या जिन्यात उंदीर मरून पडला होता. गोळा झालेल्या पंधरा माणसांपैकी कुणी पुढं होईना. मीही झालो नाही. शेवटी मालकानं हमालाला पाठवलं.

बातमी दिली, 'भिवंडीत घबराट नाही.' लिहिताना माझ्या नाकाला रुमाल होता.

दिवसातून कितीदा बगलेत गाठ चाचपतो ते लिहीत नाही. आठवीच्या तासाला फळ्याकडे तोंड करून चाचपत होतो, तर एका मुलीनं विचारलं, सर, काही हरवलंय का?

२५ सप्टेंबर, रविवार

अनंता आला. वसईवरून, वळकटी खांद्यावर, दाढी वाढलेली. द्रौपदीनं त्याला पोटाशी धरलं. मी दारातून विचारलं, ताप? तो म्हणाला, "नाय मामा. नुसता थकलोय." मी उलट्या हातानं त्याचं कपाळ पाहिलं. गार होतं. तो हात मी साबणानं धुतला, मग डेटॉलनं धुतला, मग तो कुठं ठेवावा हे कळेना.

त्याला बाहेरची खोली दिली. चहाला कान तुटलेला कप दिला आणि धुऊन खिडकीत वेगळा ठेवायला सांगितला. मीरानं तो कप खिडकीतून उचलून हातात घेतला.

"वेगळा ठेवलात?"

मी सावधगिरी वगैरे शब्द वापरले.

"माझ्या बापाला गावच्या हॉटेलात असाच होता," ती म्हणाली. "बाहेर खिळ्याला टांगलेला. आपण पिऊन आपणच धुवायचा."

मी म्हटलं, तो विषय वेगळा, हा शास्त्रीय विषय आहे. ती आत गेली. संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं. प्लेगच्या गडबडीत राहून गेलं असेल.

२६ सप्टेंबर, सोमवार

काल रात्री दवंडी फिरली. सुरतेहून आलेल्या सगळ्यांनी वडप्याच्या रिकाम्या गोदामात नाव नोंदवायचं, मंगळवारपासून तपासणी. तपासून कार्ड मिळेपर्यंत कुणी लूमवर घेणार नाही, घरमालक खोलीत घेणार नाही. तापाचा माणूस निघाला तर सरकारी गाडी त्याला इस्पितळात नेणार. आज सकाळी जो ज्या क्रमानं आला त्याच्या नाव-नंबराची चिठ्ठी लिहून, तिच्यावर त्याचा अंगठा घेऊन तिथल्या तिथं परत घेतली. अनंताचा बारावा.

मुंबईहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना छापील इंग्रजी यादी हवी होती. कौसल्येनं आपणहून संगणक देऊ केला आणि मी माझी फ्लॉपी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विद्येची गावाला गरज पडली. साधे एक, दोन, तीन छापले असते तर भाजी मंडईची यादी वाटली असती. 1st, 2nd पाहून बाईंना कळेल की भिवंडीतही शिकलेली माणसं राहतात.

चिठ्ठ्या पिशवीत कोंबून आल्या, क्रम सगळा विस्कटलेला. त्या सुरतेहून आलेल्या हातांतून फिरलेल्या. मी घरून निखारे उचलायचा चिमटा नेला होता. चिमट्यानं एकेक चिठ्ठी धरून वाचली, कौसल्येनं टाइप केली, क्रम लावायचं काम यंत्राला दिलं. पासष्ट नावं निघाली. कौसल्या म्हणाली, "सर, एकदा चिठ्ठ्यांशी ताडून बघू या?" पण तिनं हात पुढं केला नाही. मीही केला नाही. वरचा हुकूमच होता की चिठ्ठ्या जाळाव्यात. आम्ही तो तत्परतेनं पाळला.

२७ सप्टेंबर, मंगळवार

वडपे. गोदामापुढे दोर बांधलेला, दोरापलीकडे सुरतवाले, अलीकडे बाकीचं जग. मी जगात उभा होतो, रुमाल बांधून.

बाईंकडे रोजच्या विसेक माणसांपुरतीच औषधं येणार. तेवढी माणसं पाहून त्या मानकोलीच्या छावणीला जाणार. कंपाउंडर माझ्या यादीवरून नावं पुकारत होता. तिसरंच नाव अनंताचं. इतक्या लवकर कसं, हे माझ्या मनात आलं नाही. आलं ते एवढंच की सुटलो. त्याला तपासलं, कॅप्सूल दिल्या, कार्डावर शिक्का बसला, आणि द्रौपदी त्याला घेऊन पडघ्याला गेली. मी यंत्राला मनातल्या मनात नमस्कार केला.

एका ट्रकच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. मांडीवर तरण्या मुलाचं डोकं, त्याचे डोळे अर्धे मिटलेले. बायजाबाई नाव. पडघ्याच्या आतल्या एका पाड्यावरची, पडघ्याच्या बाजारात भाजी विकते. मुलगा हिरामण सुरतेहून तापातच आला. ती दोरापर्यंत आली, तसा मी दोन पावलं मागं सरलो.

"मास्तर, आमचा नंबर दुसरा हाय. कवा येल?"

मी सांगितलं, मावशी, यादी यंत्रानं लावलीय, यंत्र कुणाचं तोंड बघत नाही, येईल. ती पुन्हा जाऊन बसली. मुलाच्या तोंडाला पदर ओला करून लावत राहिली.

अकरावं नाव दौलतचं. पडघ्याचाच लूमवाला, जिभेला धार. तपासून बाहेर आला तो दोरापाशी थांबला.

"मास्तर, मी काल पयला आलो, झुंजूमुंजू असताना. तुमचा भाचा आला तवर मी चा पिऊन परत आल्तो. आज त्यो पुढं, मी मागं. ही कसली गिनती?"

मी त्याला शिस्तीवर चार वाक्यं ऐकवली. त्यानं ती पुरी ऐकून घेतली.

"मंग मशीन बी भाच्याला वळखतंय म्हनायचं," तो म्हणाला.

दोरापलीकडे माणसं हसली. तसलं हसणं मी याआधी ऐकलं नव्हतं. त्यात गंमत नव्हती. घरी येईपर्यंत ते कानात होतं.

औषधं संपली, बाई उठल्या. बायजाबाईचं नाव आलं नाही. उद्या येईल.

२८ सप्टेंबर, बुधवार

शाळा बंद ठेवल्यात. सकाळीच वर्गावर गेलो. कौसल्येनं कालच्या यादीची प्रत समोर ठेवली आणि म्हणाली, सर, डावीकडचं मोठ्यानं वाचा.

वाचलं. 10th. 11th. 12th. असं करत 19th. मग 1st. मग 20th पासून 29th. मग 2nd.

पुढं वाचवेना.

अंकाला शेपूट लावून मी त्याचा शब्द केला होता. यंत्राच्या लेखी मग ती संख्या उरलीच नाही. कोशातले शब्द लावावेत तसे त्यानं अक्षर-अक्षर पाहून लावले. 10th मध्ये एकापुढे शून्य, 1st मध्ये एकापुढे s. त्याच्या रीतीत आकडे आधी, अक्षरं मागून. म्हणून दहा ते एकोणीस सगळे एकाच्या आधी आणि वीस ते एकोणतीस सगळे दोनाच्या आधी. नऊ नावांत हे दिसणं शक्यच नव्हतं. दुसरा नंबर बाविसावा झाला होता. काल औषधं विसांना पुरली.

कौसल्या मला उघड्या अंकाबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "ताडून मीही बघितलं नाही, सर. चिठ्ठ्यांना हात लावायची मलाही भीती वाटली."

दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. आत अंक साधाच ठेवायचा, क्रम त्यावर लावायचा, आणि छापायला दारातून बाहेर पडताना त्याला शेपूट लावायची. घरात बनियन, बाहेर सदरा. सरळ क्रमाची नवी यादी घेऊन रिक्षानं वडप्याला गेलो.

दुसरं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. ट्रकच्या सावलीत कुणी नव्हतं. एकानं सांगितलं, ती काल संध्याकाळीच पोराला घेऊन गेली. म्हणाली, आमचा नंबर कधी यायचा न्हाय, हितं मरायचं तर घरी मरू.

मी बाईंना सगळं सांगितलं. संस्कृतात काय, मराठीतही इतकी छोटी वाक्यं मी कधी बोललो नसेन. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. दोन रात्री झोपलेल्या दिसत नव्हत्या. रागावल्या नाहीत. विचारलं, "म्हणजे तापाचा माणूस आत्ता गावात आहे?"

हो म्हणालो.

"मला पोलीस पाठवावे लागतील."

मी हात जोडले. पोलिसांची गाडी दिसली तर पाडा त्याला रानात लावून देईल, मग कुणालाच सापडणार नाही. एक दिवस द्या, मी आणतो. त्या म्हणाल्या, शुक्रवारी सकाळपर्यंत. पाहून झालेल्यांनाही त्या दिवशी परत दाखवायला बोलावलंय, गर्दी असेल. आणि नियम लक्षात ठेवा. गैरहजर राहिला त्याचं नाव गेलं, नव्यानं आला तर नंबर शेवटचा.

आणतो म्हणालो खरं. पहाटेची पडघ्याची एसटी कितीची ते विचारून ठेवलं.

२९ सप्टेंबर, गुरुवार. पडघा

द्रौपदीच्या ओटीवर बसून लिहितोय. माझ्यापासून हातभर अंतरावर हिरामण झोपलाय. खोकला की अक्षर हलतं.

सकाळी आलो तेव्हा द्रौपदी विहिरीवर होती. अनंता सुरतेहून आल्यापासून तिला काठावर चढू देत नाहीत. तिनं हंडा खाली ठेवायचा, दुसरीनं वरून ओतायचं. अर्धं पाणी मातीत. लहानपणी आईच्या ओंजळीत पाणी पडताना मी पाहिलं होतं, साधारण तेवढ्याच उंचीवरून. ओतणारी बाई मला ओळखते. म्हणाली, सावधगिरी म्हणून करतो, मास्तर, मनात काही नाही. सावधगिरी हा शब्द मी चारच दिवसांपूर्वी मीराला ऐकवला होता.

द्रौपदीला बायजाबाईचं घर माहीत. दोघं चालत गेलो. पाड्याच्या तोंडाशी वाटेवर राखेची रेघ मारलेली. रेघेच्या बाहेर, शेतात, गवतानं शाकारलेली खोप. तिच्यात हिरामण, त्याच्या पायाशी बायजाबाई. पाड्यातले लोक लांब उभे राहून आमच्याकडे बघत होते.

ती मला बघून उठलीसुद्धा नाही.

"तुमच्या मशीनीत आमी बसलो न्हाय, मास्तर. जावा."

मी दारात उभा होतो. आत घामाचा आणि आजाराचा वास होता. रुमाल बांधलेला, बोलताना तोंडात जात होता. मी तो सोडला, कारण तो बांधून हे सांगता येईना. म्हटलं, मशीन बरोबर होतं, मी चुकलो, दुसरा नंबर तुमचाच होता.

"मंग तवा का न्हाय बोललात? माझं पोर तुमच्या समोर पडलं व्हतं."

माझा भाचा सुटला होता म्हणून, हे उत्तर होतं, पण ते तिथं म्हणता आलं नाही. इथं म्हणतोय.

तिनं पदर खोचला. मग हिरामणच्या खांद्याखाली हात घातला.

"एका बाजूनं धरा. मला एकलीला उचलत न्हाय."

मी धरलं. त्याचं अंग तव्यासारखं होतं. त्याचा गाल माझ्या मानेला लागला. बांधावरून रस्त्यापर्यंत त्याला आणलं. द्रौपदी पुढं पळत जाऊन भाजीचा टेम्पो थांबवून आली. ड्रायव्हर म्हणाला मागं बसा, आणि आपल्या खिडकीच्या काचा वर करून घेतल्या.

वडप्याला पोचायला उशीर झाला असता, बाई गेल्या असत्या. द्रौपदी म्हणाली, आजची रात्र माझ्या ओटीवर ठेवा, तसेही शेजारी येत नाहीत. अनंतानं स्वतःचं अंथरूण हिरामणला दिलं. बायजाबाईनं त्याला पाणी पाजलं आणि तोच तांब्या माझ्यापुढे धरला. तहान लागली होती. भीतीही लागली होती. प्यायलो.

३० सप्टेंबर, शुक्रवार

हिरामणला घेऊन मी, बायजाबाई आणि द्रौपदी वडप्याला दोरापाशी गेलो तेव्हा गर्दी परवापेक्षा जास्त. नवे आलेले, परत दाखवायला आलेले, सगळे एका ओळीत. दारातल्या माणसानं हिरामणचं नाव लिहिलं. आजच्या ओळीत त्याचा क्रम एकेचाळिसावा. कौसल्येनं यादी छापून पाठवली. यंत्रानं या वेळी अगदी बरोबर लावलं होतं, एकाखाली दोन, दोनाखाली तीन, आणि हिरामण खाली, त्याच्या जागी, 41st. एकापुढे s आणि t, अपवादासकट. कुठं बोट ठेवायला जागा नाही.

औषधं विसांपुरतीच आली होती.

कंपाउंडरला विनवलं. तो म्हणाला, मास्तर, मंगळवारी तुमच्या यादीपायी लोक माझ्या अंगावर आले, आज यादी सोडून वागलो तर जिवंत सोडतील का? त्याचं चुकत नव्हतं. बाई आत एका बाळाला तपासत होत्या.

मग लोकांनाच विचारायचं ठरवलं. दोराखालून पलीकडे गेलो. सुरतवाल्यांच्या बाजूला मी पहिल्यांदाच उभा होतो. पंचवीस वर्षं वर्गापुढे बोलतोय, सभांत बोललोय, निवडणुकीच्या दिवशी दोन पुढाऱ्यांच्या मध्ये उभं राहून बोललोय. स्वतःची चूक सांगायला मात्र कधी उभा राहिलो नव्हतो. समोर सगळे मंगळवारी हसलेले चेहरे. म्हटलं, मंगळवारची यादी मी लावली होती. ती चुकीची होती. माझा भाचा बारावा असून तिसरा गेला. ही मावशी दुसरी असून राहिली. इतकंच जमलं. पुढचं, मागायचं वाक्य, बाहेर पडेना.

बायजाबाई हिरामणला टेकू देऊन उभी. त्याची मान पडत होती.

दौलत ओळीच्या मध्ये होता, परत दाखवायला आलेला. तो बाहेर आला. मला वाटलं आता मारतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, ओळीकडे पाहिलं.

"पयला नंबर माझा व्हता," तो म्हणाला. "माझ्या मागं हीच म्हातारी व्हती. तिला मीच इचारलं, आजी, पोराला काय झालंय. दुसरा नंबर हिरामणचा."

मागून एक जण म्हणाला, "तिसरा मी. म्हातारी माझ्या पुढंच व्हती, बरोबर हाय." मग एक बाई, "चौथी आमी." मग कुणी तरी हिंदीत, पाँचवाँ मैं था. सहावा. सातवा. चिठ्ठ्या आम्ही जाळल्या होत्या, पण सोमवारची ती पहाटेची ओळ सगळ्यांच्या डोक्यात जशीच्या तशी उभी होती. आपल्या पुढं कोण आणि मागं कोण, प्रत्येकाला ठाऊक. विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ओळ बाजूला झाली. वाट दिली ती माणुसकीनं, की तापाच्या माणसाला अंग लागू नये म्हणून, हे मला सांगता यायचं नाही. दोन्ही असेल. कंपाउंडरनं छापील यादी घडी करून खिशात घातली आणि हाक मारली, हिरामण.

बाईंनी त्याला लगेच इस्पितळात पाठवलं. रक्त घेतलं, निकाल सोमवारी. गाडीत बायजाबाई त्याच्याजवळ बसली. गाडी निघताना तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं याबद्दल अंदाज करणार नाही. माझे अंदाज या आठवड्यात पुरे झाले.

मला आणि द्रौपदीलाही कॅप्सूल दिल्या. कोण तापाच्या माणसाजवळ बसलं होतं म्हणून बाईंनी विचारलं, मी हात वर केला.

घरी आलो. मीराला म्हटलं, मी त्याला मिठी मारल्यासारखं धरून आणलंय, त्याच तांब्यातलं पाणी प्यालोय, तेव्हा चार दिवस मला तो तुटक्या कानाचा कप दे आणि लांब राहा. ती चहा घेऊन आली. कप तोच होता. एक घोट तिनं आधी घेतला आणि मग माझ्या हातात दिला.

"साखर बघितली," म्हणाली.

३ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर दाराकडे कान होता. कुणी सायकलची घंटी वाजवली तरी मी दार उघडून बघे. दुपारी अनंता इस्पितळातून धावत आला. हिरामणच्या रक्तात हिवताप निघाला. प्लेग नाही. अशक्त आहे, पण पेज मागून घेतो. आणखी एक-दोन दिवस उपचार लांबले असते तर हिवतापानंही राहिला नसता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

ठाण्याला बातमी पाठवायची होती, म्हणून कौसल्येच्या यंत्रावर बसलो. 'भिवंडीत घबराट नाही' असं लिहिलं, मग ते खोडलं. खोडलेलं यंत्रावर दिसत नाही, एवढा एक दोष त्यात आहे.

संध्याकाळी चहा करायला मीच उठलो. तुटक्या कानाचा कप खिडकीत नव्हता. शोधला, तर फळीवर सगळ्या कपांत धुऊन पालथा घातलेला. सकाळपासून त्यातून कोण कोण प्यायलं ते विचारलं. कुणालाच आठवत नव्हतं.